बारा हजारांचा मुलूख

१९६० पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याचा नकाशा समोर पसरला, तर त्याच्या उत्तर सीमेला लागून, उंबरगाव तालुक्याच्या पलीकडे आणि जव्हारच्या डोंगरांच्या वरच्या अंगाला, दमणगंगेच्या खोऱ्यात एक मुलूख असा आढळतो की, ज्याच्या चोहोबाजूंना भारताची हद्द असूनही तो स्वतः मात्र १९४७ नंतरही भारतात नव्हता. या मुलखाचे तुकडे दोन: वापी स्थानकाजवळचा, अवघ्या तीन गावांचा दादरा, आणि त्याच्या आग्नेयेस पसरलेली, सागाच्या जंगलांनी व्यापलेली नगर हवेली. दोहोंची मिळून गावे ७२, आणि दोहोंच्या मध्ये पुन्हा भारतीय भूमीची एक चिंचोळी पट्टी. वस्ती बहुतांशी वारली, कोकणा, धोडिया आणि काथोडी या आदिवासी जमातींची. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ अशा लांब नावाच्या केंद्रशासित प्रदेशाचा एक जिल्हा आहे. परंतु त्याआधीच्या सव्वादोनशे वर्षांत या भूमीला मराठी दफ्तराने परगणा म्हटले, लिस्बनने प्रथम वसाहत आणि मग प्रांत म्हटले, स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त प्रदेश म्हटले, आणि यांपैकी प्रत्येक नावामागे हा मुलूख कोणाचा व कोणत्या नात्याने, याविषयीचा एकेक दावा उभा होता. त्या दाव्यांचा निवाडा शेवटी युरोपातील हेग नगरीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला. या वादाचे बीज ठाणे-कल्याणच्या भूमीवरील राजकारणात आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे क्वचितच ध्यानात घेतली जाते.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या कोटात आहे, तो कोट पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतला आणि तो पुरता होण्याच्या आतच मराठ्यांनी जिंकला. चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणातील मोहिमेचा आरंभ १७३७ च्या मार्चात ठाण्यापासून झाला. साष्टी बेट हाती आले आणि दोन वर्षांच्या घनघोर झुंजीनंतर मे १७३९ मध्ये वसईने शरणागती पत्करली. पोर्तुगीज ज्याला ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत, त्या वैभवशाली प्रदेशापैकी दमण आणि दीव एवढीच ठाणी त्यांच्यापाशी उरली. वसईचे शल्य गोव्याच्या दरबाराला पुढे कित्येक पिढ्या सलत राहिले, आणि गमावलेला प्रांत केव्हा ना केव्हा परत घ्यावयाचा, हा विचार लिस्बनच्या राजकारणातून कधीच मावळला नाही.

ही आकांक्षा गुप्त नव्हती. १७७४ च्या सुमारास साष्टी-वसई परत घेण्यासाठी पोर्तुगीज आरमार येत असल्याची वार्ता मुंबईकर इंग्रजांच्या कानी गेली, आणि पोर्तुगीजांनी घेण्याआधी आपणच घ्यावे, अशा हिशेबाने त्यांनी त्या वर्षाच्या डिसेंबर अखेरीस ठाण्याच्या किल्ल्यावर चाल करून तो काबीज केला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्याच्या गादीवरून जो कलह माजला होता, त्यात राघोबादादांचा पक्ष धरून इंग्रज आधीच हात घालू पाहत होते. ठाण्याच्या या घासाने इंग्रज-मराठ्यांच्या पहिल्या युद्धाला तोंड लागले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजी फौज नामोहरम झाली खरी, पण पुढच्याच वर्षी मे महिन्यात कल्याण आणि डिसेंबरात वसई इंग्रजांच्या ताब्यात गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी मात्र ठाण्यासह कायमची गेली.

या धामधुमीत नाना फडणवीसांच्या दरबाराला पोर्तुगीज मित्र म्हणून नव्हे, तर निदान शत्रू म्हणून उभे राहू नयेत, एवढ्यासाठी हवे होते. इंग्रजांशी झुंज चालू असता गोव्याचे आरमार पाठीवर येणे परवडणारे नव्हते. पुण्यास पोर्तुगीजांचे वकील म्हणून नारायण विठ्ठल धुमे हे गोमंतकीय सारस्वत गृहस्थ होते आणि त्यांच्या मध्यस्थीने बोलणी चालली. बोलण्यांना एक जुनी तक्रारही चिकटलेली होती: १७७२ मध्ये मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे ‘सांताना’ नावाचे जहाज धरले होते आणि त्याची भरपाई पोर्तुगीज मागत होते. अखेर १७७९ मध्ये तह ठरला. पेशव्यांनी पोर्तुगीजांच्या स्नेहाच्या बदल्यात दमणच्या आसपासच्या प्रदेशातील बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांच्याकडे लावून द्यावयाची, असे त्यातील एक कलम होते. युद्ध संपेतोवर त्या कलमाची अंमलबजावणी रेंगाळली. पुढे १७८३ मध्ये नगर हवेली परगण्यातील गावे आणि १७८५ मध्ये दादरा पोर्तुगीजांच्या हवाली झाला, आणि दोन्ही वेळा तशा सनदा निघाल्या.

आता या सनदांनी नेमके काय दिले, हा पुढील पावणेदोनशे वर्षांच्या वादाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. मराठी राज्यव्यवस्थेत एखाद्या सरदारास वा आश्रितास गाव लावून देणे, म्हणजे त्या गावाचा वसूल त्याच्या नेमणुकीखातर तोडून देणे. सरंजाम म्हणा वा जहागीर म्हणा, गावची जमाबंदी घेणारा बदलतो, गावावरचे राज्य बदलत नाही. आणि देणाऱ्या सत्तेची मर्जी फिरली तर सरंजाम जप्तही होतो. पेशव्यांच्या दफ्तरात असे शेकडो सरंजाम होते आणि त्यांपैकी एकानेही सातारच्या छत्रपतींचे स्वामित्व कमी झाले, असे कोणी मानले नाही. पोर्तुगीजांना दिलेली गावे याच जातीची होती. देणगी गावांच्या संख्येत नव्हे, तर वसुलाच्या आकड्यात मोजलेली होती, यावरूनच तिचे स्वरूप उघड होते: एकूण बारा हजारांचा ऐवज जमेपर्यंत गावे मोजून द्यावयाची. एका राजाने दुसऱ्या राजाला मुलूख तोडून देताना अशी मोजणी होत नाही.

परंतु हक्क आणि वहिवाट या भिन्न गोष्टी आहेत, आणि इतिहासात वहिवाट पुष्कळदा हक्काला गिळून टाकते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मराठ्यांच्या मुलखाचे वारस म्हणून इंग्रज आले, तेव्हा नगर हवेलीत पोर्तुगीज अधिकारी केवळ वसूल घेत नसून न्याय, बंदोबस्त आणि कारभार असे सर्वच चालवीत आहेत, असे त्यांना आढळले. मूळ सनद काय म्हणते, याची चौकशी करण्याचे इंग्रजांना काही प्रयोजन नव्हते. पोर्तुगाल हे त्यांचे जुने मित्रराष्ट्र, आणि जंगलातील सहासात डझन खेडी ही फार मोठी दौलत नव्हे. त्यांनी आहे ते चालू दिले. देणाऱ्याचे राज्य नष्ट झाले, वारसाने विचारणा केली नाही, आणि सरंजामदार न बोलता सार्वभौम झाला. मराठी सत्तेचा अस्त झाल्यावर तिच्या कागदांचा अर्थ सांगणारा कोणी उरला नाही, ही या प्रकरणातील मला सर्वांत विषादाची वाटणारी बाब आहे.

मात्र एक गोष्ट इंग्रजांनी दृष्टीआड होऊ दिली नाही. दमणहून नगर हवेलीस जाण्याची वाट त्यांच्या हद्दीतून जात असे. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा कोणी अडवीत नसे, परंतु शस्त्रे आणि शिबंदी यांचा प्रश्न वेगळा होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने एकाच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हद्दीत ठराविक प्रसंगांखेरीज, परवानगीवाचून प्रवेश करू नये, असे ठरले. त्या काळी कोरडे वाटणारे हे कलम ब्याऐंशी वर्षांनी फार मोलाचे ठरावयाचे होते.

मधल्या काळात नगर हवेलीचे पोर्तुगीजांनी काय केले? फारसे काही नाही, असेच उत्तर द्यावे लागते. सागाचे लाकूड त्यांनी नेले. शेतजमिनीच्या संदर्भात ‘अल्वारा’ नावाची पट्टे देण्याची पद्धत रूढ केली, तिच्यायोगे मोठमोठे भूखंड मोजक्या धनिकांच्या हाती गेले आणि मूळचा आदिवासी आपल्याच रानात त्यांचा कूळ होऊन राबू लागला. सीमेच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्याच्या तलासरी-डहाणू भागात, वारल्यांची वेठबिगार वेगळी नव्हती. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने तिच्याविरुद्ध जो लढा उभारला, त्याचे पडसाद दमणगंगेपलीकडेही उमटल्यावाचून राहिले नाहीत. सरकार लिस्बनचे असो वा मुंबईचे, वारल्याच्या झोपडीपर्यंत ते सावकार आणि जमीनमालक यांच्याच रूपाने पोहोचत होते.

इंग्रज गेले, आणि वादाने नवे रूप धारण केले. १९४९ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या संविधान सभेत आपल्या देशाचे नाव काय असावे, यावर कडाक्याची चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या पहिल्या अनुच्छेदाच्या मसुद्यात ‘इंडिया, अर्थात भारत’ असा क्रम होता. तर मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णु कामत यांचे म्हणणे असे की, आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाप्रमाणे देशी नाव आधी येऊन इंग्रजी नाव मागून यावे. सेठ गोविंददास, कमलापती त्रिपाठी, हरगोविंद पंत यांनी ‘भारत’ नावाची महती सांगितली. १८ सप्टेंबरला कामतांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली. या चर्चेचा गाजावाजा पुष्कळ झाला. पण त्याच पहिल्या अनुच्छेदात, भविष्यात संपादन केले जातील असे अन्य प्रदेशही भारताच्या राज्यक्षेत्रात मोडतील, असे जे एक वाक्य होते, त्याकडे त्या वेळी फार थोड्यांचे लक्ष गेले. नगर हवेलीला भारतात येण्याचा दरवाजा तेथे होता.

इकडे दिल्ली स्वतःच्या नावाचा निर्णय करीत असता, तिकडे लिस्बनच्या राजपत्रातही एक ‘इंडिया’ नांदत होती. गोवा, दमण, दीव आणि त्यांच्या पोटातील दादरा-नगर हवेली मिळून ‘एस्तादु दा इंदिया’, म्हणजे ‘हिंदुस्थानचे राज्य’, हे पोर्तुगीजांचे सोळाव्या शतकापासूनचे अधिकृत नाव होते. १९५० च्या फेब्रुवारीत भारत सरकारने या प्रदेशांच्या भवितव्याविषयी बोलणी करावीत, अशी रीतसर सूचना पोर्तुगालला केली. पंतप्रधान सालाझार यांनी ती धुडकावली आणि १९५१ मध्ये घटनेतच फेरफार करून टाकला. ‘वसाहत’ हा शब्द पोर्तुगालच्या घटनेतून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ‘सागरपार प्रांत’ हा शब्द आला. पोर्तुगाल एकसंध राष्ट्र आहे, त्याचे काही प्रांत युरोपात आणि काही आफ्रिका-आशियात आहेत, तेव्हा वसाहतच नाही तर मुक्तीचा प्रश्न कसला, असा तो युक्तिवाद होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेप्रमाणे परतंत्र प्रदेशांविषयी माहिती देण्याचे जे बंधन होते, तेही या एका शब्दबदलाने चुकवावयाचे होते. सिलवासाच्या, म्हणजे नगर हवेलीच्या मुख्य गावाच्या, बाजारात, खानवेलच्या रानात या बदलाने तिळमात्र फरक पडला नाही. वारली होता तेथेच राहिला, केवळ तो आता कागदोपत्री मिन्हो नदीकाठच्या शेतकऱ्याचा देशबांधव झाला. १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली.

आता पुढील पाऊल सरकारांनी नव्हे, तर माणसांनी उचलले. गोवा मुक्तीसाठी मुंबई-पुण्यात वावरणाऱ्या संघटनांच्या ध्यानात आले की, गोव्याला समुद्र आहे, सैन्य आहे. दादरा-नगर हवेलीला मात्र यांपैकी काहीच नाही, आणि दमणहून कुमक यावयाची तर भारताच्या हद्दीतूनच यावी लागेल. या तयारीत पक्ष अनेक होते आणि त्यांचे परस्परांशी सख्य बेताचेच होते. फ्रान्सिस मस्कारेन्हस यांचा युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स होता; विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी यांचे आझाद गोमंतक दल होते; अप्पासाहेब कर्मळकर यांची संघटना होती; पुण्याहून राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे विनायकराव आपटे, राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर यांच्या भोवती तरुणांचा एक गट जमला होता; आणि तलासरीच्या बाजूने परुळेकरांच्या प्रभावाखालील कम्युनिस्ट कार्यकर्ते व वारली होते. संगीतकार सुधीर फडके या कार्यात तन-मनाने पडले होते. शस्त्रांसाठी पैसा हवा म्हणून त्यांच्या विनंतीवरून लता मंगेशकर यांनी पुण्याच्या हिराबागेत गायनाचा कार्यक्रम केला. ‘भारतीय व्यवहार कोश’ रचणारे विश्वनाथ नरवणे आणि पुढे शिवशाहीर म्हणून विख्यात झालेले बाबासाहेब पुरंदरे हेही या स्वयंसेवकांत होते.

पहिला घाव दादऱ्यावर पडला. २१ जुलै १९५४ च्या रात्री मस्कारेन्हस आणि त्यांचे साथी लवाछा गावाच्या बाजूने शिरले. पोलीस चौकीतील फौजदार अनिसेतु दु रोझारियु याने शरण येण्याचे नाकारले आणि झटापटीत तो आणि शिपाई आंतोनियु फेर्नांदिश असे दोघे ठार झाले. ज्या सत्तेने आपल्या चाकरीबाहेर काही दिले नव्हते, तिच्यासाठी त्यांनी प्राण दिले; विजयाच्या कथनात त्यांची नावे गळावीत, हे उचित नव्हे. दुसऱ्या दिवशी दादरा मुक्त झाल्याचे जाहीर झाले. २८ जुलैला भर पावसात, दमणगंगा दुथडी भरून वाहत असता आणि तिच्यामुळे सिलवासाचा संपर्क तुटला असता, नगर हवेलीतील नरोलीची चौकी पडली.

नगर हवेलीचा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन विर्जीलियु फिदाल्गो याच्यापाशी सुमारे दीडशे बंदूकधारी शिपाई होते, स्वयंसेवकांपाशी त्या मानाने काहीच नव्हते. पण फिदाल्गोला बाहेर किती माणसे आहेत, हे कळेना. सीमेवर मुंबई राज्याच्या राखीव पोलिसांचा, जे. डी. नगरवाला यांच्या हाताखालचा, पहारा होता. दमणहून येऊ घातलेली कुमक भारताने अडविली होती. अशा अवस्थेत त्याने सिलवासा सोडून दक्षिणेकडे खानवेलच्या जंगलात माघार घेतली. २ ऑगस्टला स्वयंसेवक सिलवासात शिरले, कचेरी ताब्यात घेतली आणि तिरंगा फडकावला. फिदाल्गो आणि त्याचे शिपाई आणखी नऊ दिवस रानातून वाट काढीत राहिले आणि ११ ऑगस्टला सीमा ओलांडून उधवा येथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाले. हे उधवा म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील गाव. ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यावरील चढाईने १७३७ मध्ये पोर्तुगीजांच्या उत्तर कोकणातील सत्तेला उतरती कळा लागली, त्याच जिल्ह्याच्या भूमीवर नगर हवेलीतील तिच्या अखेरच्या शिपायांनी शस्त्रे खाली ठेवली.

भारत सरकारने या चढाईशी आपला संबंध नाही, असे जगाला सांगितले. ते अर्धसत्य होते, असे म्हणण्यास हरकत नसावी. सरकारी सैनिक सीमेपार गेले नाहीत हे खरे. परंतु मोरारजी देसाई यांच्या मुंबई सरकारची पोलीस यंत्रणा सीमेवर डोळ्यांत तेल घालून उभी होती, आणि ती ज्यांना अडवीत होती ते एकाच बाजूचे होते. तरीही, पहिली गोळी झेलण्याची जोखीम ज्यांनी पत्करली, त्यांच्या पराक्रमाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही.

मुक्ती झाली, पण हा प्रदेश आता कोणाचा? सर्वसामान्य तर्क असा की, तो तत्काळ भारतात विलीन व्हावा. तसे झाले नाही. कर्मळकर प्रशासक झाले, वरिष्ठ पंचायत नावाची प्रातिनिधिक सभा स्थापन झाली, आणि सात वर्षे ‘मुक्त दादरा-नगर हवेली’ स्वतःचा कारभार स्वतः करीत राहिली. कोणत्याही राष्ट्राने तिला देश म्हणून मान्यता दिली नाही, भारतानेही नाही. पण तिच्यावर पोर्तुगालची हुकूमत नव्हती आणि भारताचे संविधान लागू नव्हते. दिल्लीच्या या संयमाचे कारण लवकरच स्पष्ट झाले. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि आठच दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्याने हेगच्या न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद दाखल केली: दमणहून दादरा-नगर हवेलीस जाण्याचा आमचा हक्क आहे, तो भारताने हिरावला, आणि म्हणून आमचा मुलूख आमच्या हातून गेला. खटला उभा असता तो मुलूख गिळंकृत करणे म्हणजे फिर्यादीच्या हाती पुरावा देणे ठरले असते.

हेगच्या प्रशस्त दालनात मग पुण्याच्या दरबारची जुनी मराठी कागदपत्रे उलगडली गेली. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांच्या नेतृत्वाखाली मांडण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला हे या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून पीठावर बसले. प्राथमिक हरकतींवरचा निर्णय १९५७ च्या नोव्हेंबरात लागला आणि खटला पुढे चालला. अंतिम निवाडा १२ एप्रिल १९६० चा. पेशव्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नव्हते, गावांचा महसूल तेवढा सरंजामी नात्याने दिला होता, हे न्यायालयाने मान्य केले. मराठ्यांना राज्यच तोडून द्यावयाचे असते तेव्हा ते त्याजोगी भाषा वापरीत, ती येथे नाही, असेही त्याने नमूद केले. नाना फडणवीसांच्या कारकुनांनी लिहिलेल्या कलमांना पावणेदोनशे वर्षांनी त्यांचा मूळ अर्थ परत मिळाला, याचे समाधान कोणाही मराठी वाचकाला वाटावे.

पण ते समाधान अर्धेच होते. मराठ्यांनी जे दिले नाही, ते इंग्रजांच्या मूक संमतीने पोर्तुगालला मिळाले, असे न्यायालयाने पुढे म्हटले. १८१८ नंतरच्या वहिवाटीने पोर्तुगालचे सार्वभौमत्व मान्य झाले होते आणि सव्वाशे वर्षांच्या प्रघाताने सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी व माल यांना वाट मिळण्याचा हक्क १९५४ मध्ये त्याच्यापाशी होता, असा निर्णय ११ विरुद्ध ४ मतांनी झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्याबाबत मात्र असा हक्क नव्हता, कारण येथे परवानगीची अट होती, आणि १८७८ चा करार त्याची साक्ष देत होता. हा निर्णय ८ विरुद्ध ७ अशा एका मताच्या फरकाने लागला. अखेरचा प्रश्न, १९५४ च्या जुलैमध्ये वाट बंद करून भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला काय? ९ विरुद्ध ६ मतांनी उत्तर आले: नाही, मुलखात तणाव असता ये-जा रोखणे हे वाटेच्या नियमनाच्या अधिकारात बसत होते. छागला आणि पोर्तुगालने नेमलेले न्यायाधीश मानुएल फेर्नांदिश या दोघांनीही, परस्परविरुद्ध कारणांसाठी, आपापली भिन्न मते जोडली. हेगच्या न्यायाधीशांनी पोर्तुगालचा मालकीहक्क मान्य केला आणि त्या मालकीपर्यंत फौज घेऊन पोहोचण्याचा मार्ग नाकारला. सालाझारला याहून निरुपयोगी विजय कोणता मिळाला असता!

त्याच वर्षाच्या, म्हणजे १९६० च्या, १५ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाचा ठराव करून गोवा आणि त्याचे आश्रित प्रदेश हे पोर्तुगालचे प्रांत नसून परतंत्र प्रदेश आहेत, असे ठरविले. १९५१ मध्ये घटनेत घातलेले नाव जगाने अमान्य केले. आता दिल्लीला थांबण्याचे कारण उरले नाही. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव एकमुखाने केला. विलीनीकरणाच्या करारावर भारताच्या पंतप्रधानांबरोबर त्या मुलखाच्या शासनप्रमुखाची सही हवी, म्हणून तेथे प्रशासक असलेले भारतीय प्रशासन सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधानपद देण्यात आले आणि त्यांनी जवाहरलाल नेहरूंसह करारावर सही केली. सरकारी नोकराच्या हातून देशाचा देश मायदेशी परत यावा, अशी ही विरळा घटना आहे, आणि ती घडवून आणताना कायद्याचा एकही दुवा गळू नये, याची दिल्लीने घेतलेली काळजी मला प्रशंसनीय वाटते. संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. न्यायदानासाठी तो मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आला. चार महिन्यांनी भारतीय सेनेने गोवा, दमण आणि दीव मुक्त केले.

ज्यांच्या भूमीसाठी हा सारा वाद चालला, त्या आदिवासींना मात्र आणखी थांबावे लागले. १९६१ च्या शिरगणतीत या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती आणि त्यांतील बहुसंख्यांच्या पायाखालची जमीन अजूनही अल्वाराधारकांची होती. पोर्तुगीज पट्ट्यांची ही पद्धत नष्ट करणारा जमीनसुधारणा विनियम १९७१ मध्ये झाला आणि त्यानंतर त्याची अंमलबजावणी सुरू झाली. स्वातंत्र्याचा झेंडा फडकल्यापासून कुळाला हक्क सांगता येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे गेली. मुक्तीच्या कथा सांगताना आपण २ ऑगस्टला थांबतो. वारल्याच्या दृष्टीने पाहिले तर तेथे थांबण्याचे कारण दिसत नाही.

आणि पोर्तुगालने हे केव्हा मान्य केले? लिस्बनमध्ये एप्रिल १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळल्यानंतर. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियु सोआरिश आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी तहावर सह्या केल्या. पेशव्यांच्या तहाने सुरू झालेले प्रकरण संपविणाऱ्या तहावर महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांची सही झाली. त्या तहात गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व, ते ते प्रदेश भारतीय संविधानानुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून, पोर्तुगालने मान्य केले. नगर हवेलीपुरती ती तारीख ११ ऑगस्ट १९६१. हेगच्या निवाड्याप्रमाणे १९५४ मध्ये तेथे पोर्तुगालचे सार्वभौमत्व होते आणि दिल्लीच्या तहाप्रमाणे १९६१ मध्ये भारताचे सुरू झाले. मधल्या सात वर्षांचे सार्वभौमत्व पोर्तुगालकडे होते असे मानावे, तर त्याचा एकही अंमलदार तेथे नव्हता; भारताकडे होते असे मानावे, तर भारतानेच ते नाकारले होते. त्या काळात सारा कोणी बसविला, रस्ते कोणी राखले आणि पुढे कोणत्या देशात जावयाचे हे कोणी ठरविले, असे विचारले, तर वरिष्ठ पंचायतीने, एवढेच उत्तर देता येते, आणि त्या सात वर्षांपुरता नगर हवेलीचा धनी तिलाच म्हणावे, असे माझे मत आहे.